चौथी मिती

मराठीत ‘मिती’ हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. जुन्या घरांतील पत्रे, हुंड्या व जमाखर्चाच्या वह्या उघडल्या की पहिल्याच ओळीत ‘मिती’ दिसते आणि तिच्यापुढे मास, पक्ष व तिथी. तेथे मिती ही काळाची खूण होय. भूमितीच्या पुस्तकात मात्र लांबी, रुंदी आणि उंची या तीन मिती असतात. तेथे मिती हे स्थळाचे माप होय. दोन्हींच्या मुळाशी अर्थ एकच, मोजणे. स्थळ आणि काळ या दोघांना एकच शब्द चालावा, ही गोष्ट मोठी सूचक आहे. विसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाने पुष्कळ गणित करून जे सांगितले ते हेच की, काळ ही चौथी मिती आहे. फक्त ती पहिल्या तिघींची सख्खी बहीण नव्हे, सावत्र आहे. आणि या विषयातील सारी गंमत व सारी अडचण त्या सावत्रपणात साठलेली आहे.

याचे एक उदाहरण ग्वाल्हेरास दगडावर कोरलेले आहे. ग्वाल्हेर शहरात मुरारच्या अंगाला थाटीपुर ही वस्ती आहे. तेथून पश्चिमेकडे चार-पाच किलोमीटरांवर किल्ल्याचा लांबट डोंगर आहे. त्या डोंगरावर पूर्वेकडून जी वाट चढते, त्या वाटेवर एकाच खडकातून कोरून काढलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ आहे. तेथील शिलालेख शून्याच्या चिन्हासाठी जगभर प्रसिद्ध झाला. याहून जुने शून्य कंबोडियात, इसवी सन ६८३ च्या लेखात, सापडलेले आहे. तरी ग्वाल्हेरच्या शून्याचा मान काही कमी होत नाही. पण शून्याच्या कौतुकात त्या लेखातील बाकीच्या आकड्यांकडे सहसा कोणी पाहात नाही. देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली, तिची लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. माळ्यांनी देवाला रोज ५० माळा द्याव्यात. आणि दानाचे वर्ष संवत् ९३३, म्हणजे इसवी सन ८७६. कोरणाऱ्याने लांबी, रुंदी आणि वर्ष ही तिन्ही मापे एकाच जातीच्या आकड्यांनी लिहिली. बाग कोठे व केवढी हे सांगून त्याचे भागले नाही. दान केव्हा झाले हेही सांगावे लागले. त्यावाचून तो लेख अपुरा राहिला असता.

कोणत्याही घटनेचा पत्ता असाच असतो. थाटीपुरात एखाद्या घरी लग्नाचे बोलावणे आले, तर पाहुण्याला गल्ली हवी, गल्लीतले घर हवे, घराचा मजला हवा आणि मुहूर्त हवा. पहिले तीन तंतोतंत पाळून चौथ्यात चूक झाली, तर पाहुणा रिकाम्या मांडवात उभा राहतो. इतपत गोष्ट सर्वांना ठाऊकच होती. नवे काय ते १९०८ साली हेर्मान मिन्कोव्स्की या गणितज्ञांनी कोलोन येथील व्याख्यानात मांडले. आल्बर्ट आइन्स्टाइन हे त्यांचेच एकेकाळचे विद्यार्थी. त्यांच्या १९०५ च्या सापेक्षतासिद्धांताचा अर्थ लावताना मिन्कोव्स्कींनी दाखविले की, स्थळ वेगळे आणि काळ वेगळा असे धरून चालत नाही. दोहोंचे मिळून चार मितींचे एकच क्षेत्र मानावे लागते. योगायोग असा की, त्याच वर्षी विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म झाला. बनारस हिंदु विश्वविद्यालयात राहून त्यांनी हा सिद्धांत भारतीय विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना शिकविला, आणि त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकर यांनी तो मराठीत घरोघर पोहोचविला.

आता चार मितींची वस्तू तीन मितींच्या माणसाला दिसेल कशी? हे समजण्यास एक पायरी खाली उतरावे लागते. एडविन ॲबट या इंग्रज शिक्षकांनी १८८४ साली सपाट जगाची एक कथा लिहिली, तेव्हापासून हा मार्ग रुळला आहे. अशी कल्पना करावी की, टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्राच्या पानात काही जीव राहतात. त्यांना लांबी व रुंदी ठाऊक आहे, ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्दच त्यांच्या भाषेत नाहीत. त्या पानातून एक बुंदीचा लाडू हळूहळू खाली नेला, आणि कागद न फाटता त्याला वाट देतो असे मानले. प्रथम लाडूचा तळ कागदाला टेकेल. सपाट जगात एक ठिपका उमटेल. मग ठिपक्याचे वर्तुळ होईल, वर्तुळ वाढत जाईल, लाडूच्या ऐन मध्याशी ते सर्वांत मोठे होईल, नंतर आकसू लागेल, पुन्हा ठिपका होईल आणि नाहीसे होईल. तेथील जीव काय म्हणतील? एक प्राणी जन्मला, वाढला, ऐन तारुण्यात आला, खंगला आणि वारला. त्याचे चरित्र लिहिले जाईल, कदाचित तेरावेही होईल. टेबलाजवळ उभ्या असलेल्या माणसाला मात्र ठाऊक आहे की, लाडू जन्मलाही नाही आणि मेलाही नाही. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळाच्या सगळा होता. सपाट जीवांना जे ‘होणे’ वाटले, ते त्याच्या दृष्टीने ‘असणे’ होते.

मिन्कोव्स्कींचे चित्र खरे मानले, तर माणसाची स्थिती या सपाट जीवांसारखीच ठरते. थाटीपुरातील एखादा वृद्ध गृहस्थ घ्यावा. आज दिसतो तो त्याचा एक काप. बाळपण, शाळा, नोकरी, म्हातारपण असे सारे काप एकत्र ठेवले तर पाऊणशे वर्षे लांबीची एक अखंड आकृती होते. तिलाच गणितात जगतरेषा म्हणतात. अशा रीतीने चित्रपटाचे रीळ डब्यात असते. पहिले चित्र व शेवटचे चित्र तेथे एकाच वेळी हजर असतात. यंत्राच्या दिव्यासमोर ती एकामागून एक येतात, म्हणून प्रेक्षकाला कथा घडताना दिसते. ही उपमा नेटकी आहे, पण तिच्यात एक चोरवाट आहे. रिळाला पुढे नेणारे यंत्र रिळाबाहेर असते. विश्वाच्या रिळाला पुढे सरकवणारे असे कोणते यंत्र आहे, याचे उत्तर पदार्थविज्ञानाच्या समीकरणांत कोठेही सापडत नाही.

काळ सावत्र का, तेही येथेच पाहणे बरे. सरळ जमिनीवर माणूस तीन किलोमीटर उत्तरेस व चार किलोमीटर पूर्वेस गेला, तर त्याचे मूळ जागेपासूनचे अंतर पाच किलोमीटर होते. दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज होते. काळ जेव्हा या हिशेबात येतो, तेव्हा बेरजेऐवजी वजाबाकी करावी लागते. एवढ्या एका चिन्हाने सारा खेळ पालटतो. स्थळात दोन गावांमधील सरळ वाट सर्वांत आखूड असते. काळात उलट होते: जो घरीच स्वस्थ बसला त्याच्या घड्याळात अधिक काळ मोजला जातो, आणि जो दूरवर वेगाने जाऊन परत आला त्याच्या घड्याळात कमी. शिवाय स्थळात डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे जाता येते, काळात मागे वळता येत नाही.

मग हे नित्याच्या व्यवहारात जाणवत का नाही? कारण दोन्ही मापांचा विनिमयदर फार चढा आहे. एक सेकंद काळ म्हणजे सुमारे तीन लाख किलोमीटर स्थळ, म्हणजे प्रकाशाची एका सेकंदाची वाट. माणसाच्या सर्व हालचाली त्या मानाने मुंगीच्या आहेत. तरीही काटेकोर पाहिले तर थाटीपुरातून दिसणारा किल्ला हा ‘आत्ताचा’ किल्ला नव्हेच. तेथून निघालेल्या प्रकाशाला पोहोचण्यास सेकंदाचे सुमारे पंधरा दशलक्षांश लागतात. किल्ल्यावर तोफ उडाली, तर तिचा धूर दिसल्यावर आवाज येण्यास तेरा-चौदा सेकंद लागतील. किल्ल्यामागे मावळणारा सूर्य तर सव्वाआठ मिनिटांपूर्वीचा असतो, आणि त्याच आकाशात मागाहून उगवणारे तारे कोणी दहा वर्षांपूर्वीचे, कोणी शेकडो वर्षांपूर्वीचे. एकाच नजरेत निरनिराळ्या मितींची पत्रे येऊन पडतात, आणि मन ती सर्व आजच्या टपालात घालते.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. थाटीपुरात सूर्य ऐन माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने बारा वाजून सतरा मिनिटे झालेली असतात, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरली जाते आणि हे गाव त्याच्या सव्वाचार अंश पश्चिमेस आहे. मुंबईत हा फरक एकोणचाळीस मिनिटांच्या घरात जातो. १९०६ साली प्रमाणवेळ आली तरी मुंबईची स्वतःची वेळ नगरपालिकेच्या घड्याळांत १९५५ पर्यंत तग धरून होती, आणि एका शहरात दोन वेळा नांदत होत्या. परंतु हा फरक माणसांच्या ठरावाचा आहे. ठराव बदलला की फरक मिटतो. आइन्स्टाइन यांचा फरक ठरावाने मिटणारा नाही. घड्याळ उंचावर नेले तर ते खरोखरच पुढे जाते, कारण पृथ्वीचे गुरुत्व तेथे किंचित सौम्य असते. किल्ल्याचा डोंगर सुमारे तीनशे फूट उंच आहे. तेव्हा किल्ल्यावरचे बिनचूक घड्याळ पायथ्याच्या घड्याळापेक्षा दर दिवसाला जवळजवळ एक अब्जांश सेकंद पुढे जाईल. चतुर्भुजाचा लेख कोरला त्या वर्षी अशी दोन घड्याळे लावली असती, तर साडेअकराशे वर्षांनंतर आज त्यांच्यात सेकंदाच्या तीन हजाराव्या भागाइतके अंतर पडले असते. पापणी लवण्यास याच्या कित्येक पट वेळ लागतो.

इतक्या क्षुल्लक फरकासाठी कोण भांडेल, असे वाटणे साहजिक आहे. पण तो मोजलेला आहे. १९६० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात गुरुत्वाचा हा परिणाम पकडला गेला. १९७१ साली अणुघड्याळे विमानातून पृथ्वीभोवती फिरवून आणली तेव्हा त्यांची वेळ हिशेबाप्रमाणे बदललेली आढळली. २०१० साली एका हातापेक्षाही कमी उंचीच्या फरकाने दोन घड्याळे वेगळी चालताना दिसली. आणि ज्यांना या प्रयोगांशी कर्तव्य नाही, त्यांच्याही खिशात हा सिद्धांत आहे. वाट दाखवणाऱ्या अमेरिकी उपग्रहांवरील घड्याळे उंचीमुळे दिवसाला सुमारे पंचेचाळीस दशलक्षांश सेकंद पुढे आणि वेगामुळे सुमारे सात मागे जातात. निव्वळ अडतीस पुढे. ही दुरुस्ती आधीच करून ठेवली नसती, तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक चूक साठली असती, आणि थाटीपुराला निघालेल्या टॅक्सीला यंत्राने शहराबाहेर नेऊन सोडले असते.

घड्याळाचा काळ हा असा. मनाचा काळ निराळाच आहे, आणि त्याचे उत्तम ज्ञान ग्वाल्हेरला फार पूर्वीपासून आहे. वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी जी गायकी महाराष्ट्रात आणली, तिच्या विलंबित ख्यालात तिलवाड्याच्या सोळा मात्रांचे आवर्तन सावकाश उलगडते. एक सुटा स्वर म्हणजे राग नव्हे. गेलेला स्वर कानात रेंगाळत असतो, येणारा स्वर मनाने आधीच मागितलेला असतो, आणि त्या दोहोंच्या मधे आताचा स्वर उभा असतो. तेव्हाच चीज ऐकू येते. सम गाठण्याच्या आधीच जाणकाराची मान हलू लागते ती यामुळे. ज्याचे ‘आत्ता’ खरोखरच बिंदूएवढे असेल, त्याला गाणे कधीच ऐकू येणार नाही, नुसते आवाज ऐकू येतील. विल्यम जेम्स यांनी १८९० साली आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात अनुभवातील वर्तमानाला काही रुंदी असते असे जे प्रतिपादिले, त्याचा पडताळा प्रत्येक मैफिलीत येतो.

ही रुंदी सर्वांची सारखी नसते. दिव्याची उघडझाप सेकंदाला साठेक वेळा होऊ लागली की माणसाला अखंड उजेड दिसतो. माशीच्या डोळ्याला सुमारे अडीचशे वेळांपर्यंत ती वेगळी दिसते. मारायला उगारलेला हात तिला बहुधा सावकाश येताना दिसत असावा, म्हणून ती इतक्या निवांतपणे उडून जाते. उलट वेलीची वाढ माणसाला दिसतच नाही. धुंडिराज गोविंद फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ च्या सुमारास, एक छोटी चित्रफीत केली होती. कुंडीत वाटाणा पेरून ते महिन्याहून अधिक काळ रोज त्याचे चित्र घेत राहिले. पडद्यावर ती चित्रे एकामागून एक धावली, तेव्हा अंकुर फुटला, चाचपडला आणि मिनिटा-दोन मिनिटांत वेल होऊन वर चढला. रोपट्यात काही बदलले नव्हते. पाहणाऱ्याची काळाची मोजपट्टी तेवढी बदलली होती. फाळक्यांच्या चित्रपटविद्येचा आरंभ काळाच्या अशा प्रयोगाने व्हावा, हे त्या विद्येला शोभण्याजोगे आहे.

पुराणांतील रैवत ककुद्मीची कथा येथे कोणाला आठवेल. कन्या रेवतीसाठी वर विचारण्यास राजा ब्रह्मलोकी गेला. तेथे गंधर्वांचे गायन चालू होते, ते संपेपर्यंत थांबला. आणि विचारले तेव्हा कळले की तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली, मनातले सर्व वर व त्यांचे वंशही गेले. या कथेत सापेक्षतासिद्धांत शोधू नये. तिच्यात ना वेग आहे, ना गुरुत्व, ना आकडा पडताळण्याची सोय. कथाकाराने विलंबाचे कारण म्हणून गायन योजले, याचे मोल मात्र स्वतंत्र आहे.

मिती चारच का, पाच का नाहीत, हा प्रश्नही विद्वानांनी सोडलेला नाही. १९१७ साली पाउल एरनफेस्ट यांनी गणिताने दाखविले की, स्थळाच्या मिती तीनऐवजी चार असत्या, तर ग्रह स्थिर कक्षेत राहिले नसते; जरासा धक्का लागताच सूर्यात पडले असते किंवा दूर निघून गेले असते. काळाच्या मिती दोन असत्या, तर आजच्या स्थितीवरून उद्याचे काहीच सांगता आले नसते, आणि असे सांगण्यावर ज्याचे पोट चालते तो विचार करणारा प्राणी तेथे टिकलाच नसता. १९२१ साली थिओडोर कालुझा यांनी स्थळाची आणखी एक मिती सुचविली, आणि पुढे ऑस्कर क्लाइन यांनी ती अतिसूक्ष्म वेटोळे घालून बसलेली असावी असे मांडले. वाळत घालण्याची दोरी दुरून नुसती रेघ दिसते, पण तिच्यावरच्या मुंगीला दोरीभोवतीही फिरता येते, तसा हा प्रकार आहे. अशी मिती प्रयोगात अद्याप आढळलेली नाही.

न आढळलेल्या मितीत हवे ते कोंबता येते, हे भोंदूंनी लवकर ओळखले. १८७७ साली लाइपझिगचे खगोलशास्त्रज्ञ त्सॉल्नर यांनी हेन्री स्लेड या परलोकवाद्याचे प्रयोग करून पाहिले आणि टोके बांधलेल्या दोरीला गाठी पडतात त्या चौथ्या मितीतील आत्म्यांच्या हातांनी, असा निष्कर्ष काढला. स्लेडवर आदल्याच वर्षी लंडनमध्ये फसवणुकीचा खटला झालेला होता. आजही भूत-भविष्य सांगणाऱ्यांच्या जाहिरातींत ही मिती डोकावते. त्यांना एवढेच विचारावे की, स्थळाची चौथी मिती म्हणता की काळाची? दोहोंचे नियम वेगळे आहेत, आणि दुसरीत मागे-पुढे पाहण्याची खिडकी कोणत्याही समीकरणाने दिलेली नाही.

पण एक प्रश्न भोंदूगिरी वजा केल्यावरही उरतो, आणि तो थट्टेचा नाही. लाडू जर सगळाच आहे, तर गेलेली माणसे कोठे गेली? आणि उद्याची गोष्ट आधीच असेल, तर आजच्या धडपडीला अर्थ काय? याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. काहींच्या मते भूत, वर्तमान व भविष्य तिन्ही सारखेच खरे. काहींच्या मते भविष्य अजून झालेलेच नाही आणि पुंजभौतिकीतील अनिश्चितता याची साक्ष आहे. फुटलेले मडके आपणहून सांधत नाही, विरजण पुन्हा दूध होत नाही, यावरून काळाला दिशा आहे एवढे नक्की. पण दिशा असणे निराळे आणि वाहणे निराळे. रस्त्यालाही दिशा असते, म्हणून रस्ता चालत नाही.

१९५५ च्या मार्च महिन्यात आइन्स्टाइन यांचे तरुणपणापासूनचे मित्र मिकेले बेसो वारले. आइन्स्टाइन यांनी बेसोंच्या घरी सांत्वनाचे पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, मित्र थोडासा आधी गेला याला महत्त्व नाही. पदार्थविज्ञानावर श्रद्धा असणाऱ्यांच्या दृष्टीने भूत, वर्तमान व भविष्य हा भेद कितीही हट्टी असला तरी भासच आहे. महिन्याभरात, १८ एप्रिलला, ते स्वतःही गेले. पत्रावरून वाटेल की त्यांचा प्रश्न सुटला होता. परंतु तत्त्वज्ञ रूडोल्फ कार्नाप यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात एक जुने संभाषण नोंदविले आहे. ‘आत्ता’ या गोष्टीने आपल्याला फार अस्वस्थ केले आहे, असे आइन्स्टाइन तेव्हा म्हणाले होते. माणसाला ‘आत्ता’ हा भूत-भविष्याहून अगदी वेगळा अनुभव असतो, आणि तो भेद पदार्थविज्ञानात बसत नाही, बसूही शकत नाही. कार्नाप यांचे म्हणणे पडले की, घटनांचा क्रम पदार्थविज्ञान सांगेल आणि अनुभवातील वेगळेपण मानसशास्त्र समजावून देईल. बाहेर काही उरत नाही. आइन्स्टाइन यांचे त्याने समाधान झाले नाही.